पाण्याच्या रोलरची खोळ

उमेळे गावच्या काकू नसत्या तर मी आज लातूरला मामाच्या पिठाच्या गिरणीत पांढरा होऊन बसलो असतो. काकू आमच्या प्रेसशेजारच्या गाळ्यात ब्लाऊज शिवायच्या. छपाईतलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मीच शहाणा असल्यासारखं लिहीन.

मी आठवीतून शाळा सोडलेली. वसईत प्रेसवर लागताना शेठना ठोकून दिलं, ऑफसेट मशीन तीन वर्षं चालवलंय. खरं तर तीन महिने, आणि तेही पुसण्यापुरतं. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, असं खपून जायचं.

ऑफसेटमध्ये प्लेटला शाईच्या आधी पाणी लागतं. पाणी बसलं तिथे शाई बसत नाही, कागद कोरा राहतो. हे पाणी लावणाऱ्या रोलरवर लवदार कापडाची खोळ असते. आमची जुनी झाली म्हणून मी काकूंकडून नवी शिवून घेतली, चढवली आणि चर्चच्या सणाची पत्रिका छापायला लावली. मधोमध संताचं चित्र. कागदाच्या कडा स्वच्छ, पण संताभोवती राखाडी धूर. पाणी वाढवलं, तर कडेची अक्षरं धुऊन निघाली आणि संत तसाच, चुलीपुढे बसल्यासारखा. पाण्यात केमिकल वाढवलं. स्क्रू आवळून रोलर प्लेटवर आणखी दाबला. धूर काही हटेना.

शेठनी कागद उजेडात धरला. "फादरना काय सांगू? संत विडी ओढतात?" मग घड्याळ बघून म्हणाले, "जेवून येतो. तोवर सुटलं नाही तर बॅग भर. तीन वर्षं म्हणे!"

मी घाबरलो की दुसऱ्यावर ओरडतो. काकूंच्या दारात जाऊन म्हणालो, "काकू, तुमची शिवण ढिली आहे."

"माझी शिवन?" त्या गळ्यातल्या टेपसकट उठल्या. "चल, दाखव तुझा नवरदेव."

मी मशीन बंद करून रोलर काढला, टेबलावर ठेवला. त्यांनी तो मधे दाबला, टोकांना दाबला आणि हसत सुटल्या. "आत काय कोंबलायस रे?"

खोळ लांब झाली होती. शेठच्या कापडाला कात्री लावायचा धीर झाला नाही, म्हणून जास्तीचं कापड मी दोन्ही टोकांना आत दुमडून नाडी करकचून आवळली होती. घरी आई लोडाची खोळ अशीच बसवते.

"अरे, हा तर लोड! ह्याला टेकून कोन बसनार, तुझा शेठ?" त्यांनी टेप गुंडाळून दाखवला. टोकं फुगलेली, मधला भाग बारीक. "टोकंच टेकतात. मधे पानी पोचनार कसं? एवढं तर ब्लाऊज शिवनारीला पन कळतं."

त्यांनी कात्री चालवली, खोळ ताणून नीट बांधून दिली. मी प्लेट पुसली, पाणी बदललं, स्क्रू सैल केले. रोलर आणि प्लेटच्या मधे कागदाच्या तीन पट्ट्या अडकवून ओढून पाहिल्या, दोन कडांना, एक मधे. तिन्ही सारख्याच अडल्या. ही तपासणी मला माहीत होती. ती करायचीही असते, हे नव्हतं माहीत.

वीसेक कागद वाया गेले आणि धूर गेला. तेवढ्यात शेठ आले.

"काय होतं?"

मी वाया गेलेले कागद गोळा करायला लागलो. कात्रीला चिकटलेले धागे काढत काकूच म्हणाल्या, "माझीच शिवन चुकली होती, शेठ. पोराला उगाच बोललात."

शेठनी त्यांना प्रेसचं काम आणि ब्लाऊज यांतला फरक चांगला दहा मिनिटं समजावून सांगितला. काकू मान खाली घालून ऐकत होत्या. मी बाजूला उभा होतो, नोकरी शाबूत, आणि तोंड उघडलं नाही.

काकू, कधीतरी तुमचं एखादं गिऱ्हाईक बाही आखूड झाली म्हणून तणतणत येईल. त्या दिवशी मी तुमच्या दारात उभा राहीन आणि सांगीन, कापड मी कापलं. मग बाई काय बोलतील ते शेवटपर्यंत ऐकून घेईन.