चकतीवरचं कुंकू

"ओरडू नका जी, ते काय म्हणते ते ऐका."

चंपा मेश्राम हे सगळ्यांना ऐकवायची. कागद अडकला की, प्रिंटरचा दिवा लाल झाला की, मालक सीतारामपंत यंत्राला थाप मारायला उठले की. भंडाऱ्याकडची ही पोर कसबा पेठेतल्या लग्नपत्रिकांच्या दुकानात संगणकावर अक्षरं जुळवायची. यंत्रासमोर बसली की विहिरीत डोकावल्यासारखी बघत राहायची.

तेव्हा हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या. कंपन्यांच्या बसगाड्या सकाळच्या धुक्यातून जायच्या आणि खिडक्यांशी डोळे मिटून बसलेली माणसं झोपेतच दुसऱ्या मुलखाला निघाल्यासारखी वाटायची. चंपाला त्या खिडकीशी बसायचं होतं. लिनक्स नावाची संगणकप्रणाली येणाऱ्याला तिकडे विचारतात, असं तिच्या कानावर आलं होतं. पण शिकायला स्वतःचं यंत्र नव्हतं.

दुकानात नवा संगणक आला, जुना कोपऱ्यात गेला. पंत म्हणाले, "दसरा झाला की गेनबा भंगारवाला येईल. तोवर तुझ्या लिनक्सनं हे सुरू झालं तर घेऊन जा. नाहीतर गेनबाची गाडी रिकामी पाठवायला मला आवडत नाही."

खंडेनवमीला पंतांच्या पत्नी ललिताकाकूंनी दुकानातली हत्यारं पुजली. कात्री, कागद कापायचं यंत्र, नवा संगणक. टेबलावर चंपाची लिनक्सची चकती, म्हणजे सीडी, होती, एका बाजूनं छापील, दुसरीनं आरशासारखी. आरशाची बाजू हीच तोंडाची, असं काकूंना वाटलं. त्यांनी तिथं कुंकवाचं ओलं बोट टेकवलं. चकतीतल्या सप्तरंगांवर तो ठिपका फार देखणा दिसला.

चकती त्याच बाजूनं वाचली जाते, हे चंपाला ठाऊक होतं. पण तिच्या घरी बुद्धवंदना व्हायची, असली पूजा नसायची. मेश्रामांच्या पोरीनं पूजा पुसली, असं व्हायला नको, म्हणून ती गप्प राहिली.

दसऱ्यानंतर तिनं चकती जुन्या संगणकात घातली. चकती गरगरली, एका जागी कुरकुरली. एक भाग वाचता येत नाही, तो सोडून पुढे जाऊ का, असं पडद्यानं विचारलं. तिनं होकाराची कळ दाबली. लिनक्स बसलं. पण यंत्र पुन्हा चालू केलं, तर काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ उभी राहिली आणि हलेना.

"बाहेर पाटी लावतो," पंत म्हणाले. "येथे यंत्रे झोपवून मिळतील."

चंपानं ती ओळ वाचली. दुपार कलत होती. तांब्यावर पडणारे हातोडे कुठल्याशा गल्लीतून मंद ऐकू येत होते. मग गेनबाची हाळीही आली.

"काय म्हणतंय गं?" काकूंनी विचारलं.

"फाइल सापडत नाही म्हणते. ज्या फाइलीनं उठायचं, तीच आत आली नाही."

"का नाही आली?"

 चंपानं नुसती चकती बाहेर काढून हातात धरली. काकूंनी ठिपका बघितला, मग तिच्याकडे.

"ह्याच्यामुळे?"

"हो जी."

"आणि तुला माहीत होतं?"

"तुम्ही हातानं लावलं होतं, काकू."

"चार महिने माझ्या हातचा चहा पितेस," काकू म्हणाल्या, "आणि एवढं तोंडातून निघत नाही? आण इकडे."

त्यांनी जुन्या लुगड्याचा तुकडा ओला केला.

"गोल नका पुसू जी. मधून काठाकडे."

पंत आतून म्हणाले, "देवाचं पुसायचीही रीत असते म्हणायची."

"तुम्ही गेनबाला पाणी द्या," काकू म्हणाल्या.

चंपानं यंत्र चकतीवरूनच जागं केलं. आत बसलेलं लिनक्स तसंच होतं. राहिलेला तेवढा भाग तिनं त्यात घातला, चकती काढली आणि यंत्र पुन्हा चालू केलं. पांढऱ्या ओळी वर सरकू लागल्या, ओढ्याचं पाणी कोरड्या वाळूवरून पसरावं तशा, न थांबता. शेवटी पडदा शांत झाला आणि त्यानं तिचं नाव विचारलं.

तिनं ते लिहिलं.

पंतांनी चष्मा पुसला. "न्या आता," ते चंपाला म्हणाले. "जागा अडली आहे."

पडदा नंतर न्यायचा ठरला. संगणकाची मोठी पेटी चादरीत गुंडाळून तिनं कडेवर घेतली आणि पायरी उतरली. गल्लीत उन्हाचा पिवळा पट्टा पडला होता, त्यातून ती सावकाश गेली. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. रिकाम्या गाडीला टेकलेला गेनबाही, पाण्याचा पेला हातात धरून, ती वळणाआड जाईपर्यंत बघत होता.