राष्ट्रीय सन्मान आणि मरळीचा रस्सा

जाळीच्या कप्प्यात एकही मासा नव्हता, आणि दिल्लीच्या समितीची गाडी गावाजवळ आल्याचा फोन येऊन गेला होता. मी गुडघाभर पाण्यात उभी होते. हातातला रीडर पलीकडच्या बगळ्याइतकाच गप्प होता.

मी मत्स्यशास्त्रज्ञ आहे. आमचं संशोधन केंद्र चंद्रपुरात, पण माझं खरं काम सिंदेवाहीकडच्या एका मामा तलावावर चालतं. मामा तलाव म्हणजे मालगुजारांच्या काळात धानाच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव. या तलावांमध्ये पूर्वी मरळ भरपूर असायची. मरळ म्हणजे लांबट, काळपट, सापासारख्या तोंडाचा मासा. दिसायला यथातथाच, पण चव अशी की खाणारा बोलायचं विसरतो. काटे अगदी कमी, त्यामुळे कुणी जपूनही खात नाही. आता ती तलावातून जवळजवळ संपली आहे.

तलावाच्या एका कोपऱ्याला जाळी लावून आम्ही तिथे मोजक्या मरळी वाढवल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीच्या मांसात एक टॅग. टॅग म्हणजे काचेच्या वेष्टणातली चिप, तांदळाच्या दाण्याएवढी. रीडर जवळ नेला की तो वाजतो आणि पडद्यावर त्या माशाचा नंबर येतो. सगळ्यांत मोठ्या मादीला मी आक्का म्हणायचे. येत्या पावसाळ्यात आक्का अंडी घालणार, तिची पिल्लं तलावात सोडायची, आणि तलावात मरळ परत आणायची. प्रकल्प एवढाच. अहवालाची जाडी मात्र आमच्या डायरेक्टर सरांनी वाढवली होती.

सरांना विज्ञान संशोधन आणि उच्च शिक्षणासाठीचा राष्ट्रीय सन्मान हवा होता. किती हवा होता, तर खांद्यावरून शाल घसरू नये म्हणून ते आधीपासूनच ताठ चालायला लागले होते. त्यांचं नाव शॉर्टलिस्टमध्ये, म्हणजे शेवटच्या निवडक नावांत आलं होतं. आता राहिली होती साइट व्हिजिट. म्हणजे कागदावर लिहिलेलं जमिनीवर आहे का, हे समितीनं येऊन बघायचं. आमच्या बाबतीत पाण्यात.

सरांचा एक हुकूम होता. पेपर छापून येईपर्यंत गावात प्रयोगाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर आयडिया चोरीला जाते. त्या गावात मत्स्यप्रजननाची आयडिया चोरून कोण कुठल्या जर्नलला पाठवणार होतं, देव जाणे. पण हुकूम तो हुकूम. गावाला एवढंच माहीत होतं की हे प्रकल्पाचे मासे आहेत आणि यांना हात लावायचा नाही. गावानं तो शब्द पाळला होता. आणि व्हिजिटच्या आदल्या दिवशी, सगळी सूत्रं आपल्याच हातात आहेत हे दिसावं म्हणून, व्यवस्थेचा फोन सरांनी स्वतः केला.

तो फोन गेला होता सोमाजीभाऊंना. ते ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. मी पाण्यातून बाहेर आले तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाहुण्यांची वाट बघत बसले होते.

"भाऊ, कप्प्यातले मासे कुठे आहेत?"

"चुलीवर आहेत जी," ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण चिंचेखालून रश्शाचा वास येत होता.

"सायबाचा फोन आलता ना मले," सोमाजीभाऊ म्हणाले. "म्हणे दिल्लीचे पाहुणे येऊन राह्यले. प्रकल्पाचे मोठे मासे सकाळीच काढून ठेवा, पाहुण्याईले काई कमी पडू देऊ नका."

"भाऊ, ते दाखवायला काढायचे होते."

"दाखवाले? मासा काय दाखवाची चीज आहे जी? एवढे वर्स आमी कोणाले हात लावू देल्ला नाई. बकरा राखते माणूस लेकीच्या लग्नासाठी, तसे तुमी हे मोठ्या पाहुण्यासाठी राखून राह्यले, असं समजलो आमी. पाहुण्याले बारका मासा वाढला तं तलावाची इज्जत जाते."

"आक्कापण?"

"ते मोठी? ते तं मुख्य सायबाच्या ताटासाठी ठेवली."

मला रडू आलं. आक्का बोटाएवढी होती तेव्हापासून मी तिला ओळखत होते. मी तिथेच बसले आणि सरांचा हुकूम मोडला. "भाऊ, ती बियाण्याची मासळी होती. तिची पिल्लं तुमच्या तलावात सोडायची होती."

सोमाजीभाऊंचा चेहरा उतरला. 

"बियाण्याचं धान कोणी शिजवते का मॅडम?" ते म्हणाले. "काऊन नाई सांगतलं? सांगतलं असतं तं सायबालेही त्या जाळीजवळ येऊ देल्लं नसतं."

मी उठून चिंचेखाली गेले. चुलीजवळ लक्ष्मीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एक वाटी पुढे केली. मासे कापताना त्यांना काचेचे दाणे सापडले होते, ते त्यांनी धुऊन ठेवले होते. मी वाटीवरून रीडर फिरवला. एकेक नंबर आला. आक्काचा आला नाही.

तेवढ्यात गाड्या आल्या. मी सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांचा रंग उडाला. पण माणूस प्रशासनात मुरलेला.

"किती मासे शिल्लक आहेत?"

"एकही नाही, सर."

"आणि रस्सा?"

"रस्सा भरपूर आहे."

"मग आधी लंच," सर म्हणाले. "फील्ड नंतर बघू."

समितीचे अध्यक्ष खगोलशास्त्रज्ञ होते. दूरच्या ताऱ्यांबद्दल त्यांचा शब्द देशात अखेरचा मानतात. मरळीशी त्यांचा पूर्वी कधी संबंध आला नसावा, पण त्या दुपारी तो चांगलाच आला. "वाह, क्या मछली है," असं म्हणत त्यांनी रस्सा-भातावर आडवा हात मारला. लक्ष्मीबाई आग्रह करत होत्या. ताटात पांढरा भात, आणि भाताच्या दाण्याएवढाच माझा टॅग. मी अध्यक्षांच्या प्रत्येक घासाकडे बघत होते. टॅग गिळला तर माणसाला काही होत नाही, तो आपल्या वाटेनं बाहेर पडतो, हे मी मनातल्या मनात स्वतःला बजावत होते. थांबवायला हवं होतं, पण थांबवून सांगणार काय? तुम्ही ज्याची पाहणी करायला आलात तेच जेवताय म्हणून?

जेवण झालं. सरांनी तलावाकडे तोंड करून भाषण सुरू केलं, म्हणजे पाहुण्यांची तोंडं सावलीकडे राहतील आणि नजर कप्प्यावर जाणार नाही. अध्यक्ष कंटाळले. यंत्रं हाताळण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यांची नजर माझ्या रीडरवर पडली.

"ये कौन सा डिटेक्टर है?" त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पोटाशी धरला, बटण दाबलं.

रीडर वाजला.

त्यांनी तो लांब नेला. गप्प. परत पोटाशी आणला. परत वाजला. पडद्यावर नंबर आला. शेवटचे आकडे मला पाठ होते. आक्का सापडली होती.

"ये मेरे पास आके क्यूँ बजता है?" अध्यक्षांनी विचारलं.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. सर माझ्या पुढे आले.

"सर, इसको ट्रेसेबिलिटी कहते हैं," ते म्हणाले. ट्रेसेबिलिटी म्हणजे माल कुठून निघून कुठे पोचला याचा माग काढणं. हा शब्द आमच्या प्रकल्पात त्या क्षणापर्यंत कुठेही नव्हता. "तालाब की मछली आखिर किस ग्राहक तक पहुँची, हमारी स्वदेशी पद्धति लाइव्ह दिखाती है."

अध्यक्षांनी पोटावर हात ठेवला. "मतलब वो मेरे अंदर है?"

"टेम्पररी, सर."

समितीच्या सेक्रेटरींनी घाईघाईनं काहीतरी लिहून घेतलं. अध्यक्ष जरा वेळ गंभीर झाले. मग त्यांनी स्वतःच्या पोटावर रीडर आणखी एकदा फिरवून खात्री केली. "रिझल्ट तो रिपीट होता है," ते समाधानानं म्हणाले. विज्ञानात याला फार किंमत असते.

सन्मान सरांनाच मिळाला. संशोधन प्रयोगशाळेतून थेट सामान्य माणसाच्या ताटापर्यंत नेल्याबद्दल, असं प्रशस्तिपत्रात लिहिलं होतं. मरळीचं नाव त्यात कुठेच नव्हतं. शालीचा मात्र फोटो छान आला, अजिबात घसरली नव्हती. सोमाजीभाऊंनी तो मोबाइलवर बघितला आणि मला फोन केला. "सायबाले शाल भेटली. आपला तलाव तं रिकामाच राह्यला ना जी," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सोमाजीभाऊंच्याच माणसांनी आसपासचे तलाव पालथे घालून काही मरळी मिळवल्या, त्याही जिवंत. आम्ही नव्यानं जाळी लावली. या वेळी मी कुणाला न विचारता सगळ्या गावाला बसवून प्रयोग समजावून सांगितला. सोमाजीभाऊंनी बांबूला पाटी लावली: बियाण्याची मासळी. आता तिथे पहारा लागत नाही. नोकरीत मी एवढंच शिकले, की गुप्तता पाळायचीच असेल तर ती समितीपासून पाळावी, गावापासून नको.

परवा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते खुशीत होते. अध्यक्षांचा निरोप आला होता. ताडोबाला जाता जाता त्यांना सहकुटुंब आमच्या तलावावर यायचं होतं. जेवायला, तोच मेनू.

"मी स्वतः फोन करतो सोमाजीला," सर म्हणाले.

"नको सर, मी करते," मी म्हटलं आणि त्यांच्यासमोरच फोन लावला.

"भाऊ, दिल्लीचे पाहुणे येताहेत परत."



"मंग काय करू जी?"

"वांग्याची भाजी करा," मी म्हटलं.