अकरा सरदार आणि एक हाक

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाही. हलावा अशी माझी फार इच्छा आहे, कारण त्या दिवशी मी पोलीस ठाण्याच्या आवारात, पूर्ण गणवेशात, पंचांच्या समक्ष एका बैलाला नावानं हाका मारत उभा होतो.

तेव्हा मी जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. बंदी उठून बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि पळणाऱ्या बैलाला लग्नाच्या मुलापेक्षा जास्त स्थळं येत होती. एका सकाळी हजेरी चालू असताना बोरी बुद्रुकच्या एक मावशी आल्या. धनगराचं घर, नवरा वारलेला, थोडी शेती आणि तीसेक मेंढरं. त्यांनी ठाणे अंमलदाराला एवढंच सांगितलं की माझा सरदार नेला. आमच्या अंमलदारानं हरवलेल्या माणसाचा फॉर्म ओढला. वय विचारलं, मावशी म्हणाल्या साडेचार. अंगावर काय होतं विचारलं, म्हणाल्या काही नाही. मावशींच्या बोलण्यात शिंगं आली तेव्हा कुठे त्यानं फॉर्म बदलला.

पांढराशुभ्र खोंड. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गाय गेली, म्हणून मावशींनी त्याला शेळीच्या दुधावर वाढवला आणि मेंढरांतच सोडला. "त्याला अजून वाटतं साहेब, तो मेंढरूच हाय," त्या म्हणाल्या. पुतण्याच्या गाड्याला तो पहिल्यांदा जुंपला, तेव्हा घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, लोक उभे राहिले. मागेल ती किंमत द्यायला माणसं दारात आली. मावशींनी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं.

अडचण वेगळीच होती. मावशींकडे बैलाचा एकही कागद नव्हता. घरी जन्मलेला, त्यामुळे खरेदीची पावती नाही. कानाला नंबराचे सरकारी बिल्ले मारणारे आले तेव्हा तो मेंढरांबरोबर रानात. बैल सापडला तरी तो यांचाच हे दाखवायचं कशावरून?

माझे जुने हवालदार म्हणाले, "साहेब, नाव सोडा. नाव काय, हितं वाडीवाडीला सरदार हाय. बाईला दात इचारा, खूर इचारा."

मी म्हणालो, "हवालदार, हे पोलीस ठाणं आहे, बैलबाजार नाही."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे मला ते बरंच महागात पडलं.

मी शेजारच्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिला, खबऱ्यांना कामाला लावलं, आणि वर्णनात पहिलं लिहिलं नाव. चार दिवसांत मला अकरा सरदार मिळाले. एक खानावळ निघाली, एक कांद्याचा टेम्पो, एक झुंजीचा कोंबडा. नारायणगावच्या बाजूला एका ट्रॅक्टरच्या कपाळावर सोनेरी अक्षरांत तेच. दोन कुत्रे, एक घोडी (मालकाला विचारलं तर म्हणाला, मान मोठा ठेवलाय, बाकी काय), एक तालीम, आणि बाकीचे बैल, त्यातला एकही पांढरा नाही. ज्याला ज्याच्याबद्दल अभिमान, त्याला तो सरदारकी देऊन मोकळा. कोणे एके काळी ही पदवी दरबारातून मिळायची, आता ती रंगाच्या डब्यातून मिळते.

पिंपळवंडीची खबर मात्र पक्की वाटली. कांदा चाळीमागच्या खोलीत सरदार आहे, दिवसा बाहेर काढत नाहीत, दारही बंद असतं. मी दोन पंच, चार शिपाई घेऊन भर दुपारी छापा घातला. दार ढकललं. आत खाटेवर एक म्हातारे गृहस्थ बनियनवर बसून औषधाची गोळी घेत होते. आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये पुढे काठी फिरवत चालले, म्हणून सगळं गाव त्यांना सरदार म्हणायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, उजेड चालत नव्हता. मी येण्याचं कारण सांगितल्यावर ते शांतपणे म्हणाले, "बैल न्हाई साहेब, पण आलाच हायसा तर मला घिऊन चला. सून तेवढाच इसावा म्हनंल."

पंचांनी चहा घेतला. मी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मढहून दूध गोळा करणाऱ्या एका खबऱ्याचा फोन आला. एका घरी नवा बैल आणून बांधलाय, नाव सरदार. मी विचारलं कसा आहे. म्हणाला, पांढरा, पण म्हातारा, पुढच्या पायानं लंगडा. मी त्याला झाडला. म्हणालो, मला पळणारा हवाय, पेन्शनर नको. फोन ठेवताना मला स्वतःच्या विनोदाचं हसूही आलं. हेही लक्षात ठेवा.

शेवटी हवालदारांनीच रस्ता दाखवला. ते म्हणाले, चोर शोधू नका, गरज शोधा. मावशींकडे बैल मागायला आलेल्यांत आंबेगाव तालुक्यातला एक गाडामालक तीनदा येऊन गेला होता, आणि त्याच्या जोडीतला एक बैल दिवाळीनंतर घाटात दिसला नव्हता. आम्ही त्याच्या गोठ्यावर गेलो. पांढरा बैल उभा होता. शिंगं नुकती तासून, तेल लावून चकचकीत. कानात पिवळा बिल्ला. गाडामालकानं न विचारताच फाईल पुढे केली. त्यात बाजाराची पावती होती, डॉक्टरचा दाखला होता, शर्यतीच्या नोंदी होत्या. बिल्ल्याचा नंबर कागदाशी तंतोतंत जुळत होता. बैलाचं नाव, सरदार.

संशयित मालमत्ता म्हणून बैल ठाण्यात आणला. मुद्देमाल कारकुनानं नियमाप्रमाणे पंचांच्या सह्यांचं लेबल करून शिंगाला बांधलं. बैलानं मान खाली घालून दोरी पायानं ओढली आणि लेबल खाल्लं. दुसरं केलं, तेही खाल्लं. तिसरं आम्ही खुंट्याला बांधलं.

मग माझ्या हुशारीचा कळस. ओळख पटवायची ठरली. दोन्ही बाजू, पंच आणि निम्मं गाव आवारात. साक्षीदारानं बैलाला खुणा करू नयेत म्हणून मी मावशींना दूर पिंपळाखाली उभं केलं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही अशी ताकीद दिली. मग पुढे होऊन मीच हाक मारली, "सरदार."

बैलानं वळून पाहिलं. मी विजयानं पंचांकडे पाहिलं. तेवढ्यात गाडामालकाच्या जीपमधला कुत्राही उतरून माझ्यापाशी आला, आणि गेटवर उभा असलेला एक टेम्पोवाला म्हणाला, "बोला साहेब."

आवार हसलं. गाडामालकानं स्वतः हाक मारली, बैलानं त्याच्याकडेही पाहिलं. मग हवालदारांनी नुसतं खाकरून दाखवलं, तर तिकडेही पाहिलं. बैल आपला वैरण चघळत आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होता, आम्ही काय करतोय हे त्याला कळत नसावं. मलाही कळत नव्हतं.

"बगा साहेब," गाडामालक म्हणाला, "ती बाई समोर हाय, त्यो वळखत बी न्हाई. कागूद माज्याकडं हाय. मग आता?"

आता काही नव्हतं. कागदासमोर पोलीस ठाण्यात कुणाचंच चालत नाही. मी मावशींना बोलावून समजावलं की बैल परत द्यावा लागेल, तुम्ही कोर्टात दाद मागा. त्या रडल्या नाहीत, वादही घातला नाही. फक्त म्हणाल्या, "तुमी मला बोलू दिलं न्हाई, साहेब." मग त्यांनी विचारलं, जाऊ का, मेंढरं कधीची उभी आहेत. घरी बघायला कुणी नव्हतं, म्हणून त्या कळप घेऊनच चालत आल्या होत्या. तो ठाण्यामागच्या पडीक रानात चरत होता.

मी आत येऊन सुपूर्तनाम्यावर सही करायला पेन उघडलं. तेवढ्यात मागून मावशींची हाक आली. मेंढरं गोळा करायची हाक. प्रत्येक धनगराच्या घरची ही हाक वेगळी असते. तिच्यात कुणाचं नाव नसतं, अर्थही नसतो. यांची खालच्या सुरात सुरू होऊन घशात दोनदा अडकायची आणि मग लांब पसरायची.

आवारात खुंटा उपटल्याचा आवाज झाला. मी खिडकीशी गेलो. दावं आणि खुंटा मागे ओढत, माझं तिसरं लेबल फडकवत बैल गेटमधून निघाला होता. गाडामालक मागून धावत ओरडत होता, "सरदार, ए सरदार, थांब." त्यानं कानही हलवला नाही. तो पडीक रानात गेला, मेंढरं त्याला बुजली नाहीत, बाजूला झाली, आणि एवढा मोठा बैल मान खाली घालून सगळ्यांत शेवटच्या मेंढीच्या मागे चालू लागला.

माझं पेन उघडंच होतं. मी सुपूर्तनामा बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला.

आता मात्र मी घाई केली नाही. बैल परत बांधला, नवा पंचनामा लावला. गाडामालकाला आणि त्याच्या दोन गड्यांना म्हटलं, तुम्ही मेंढरं हाका, हवी तशी हाक द्या. त्यांनी दिली. मेंढरं चारी दिशांना पांगली, बैल वैरण खात राहिला. मग मावशींना भिंतीआड, बैलाला दिसणार नाहीत अशा जागी उभं केलं. हाक आली. चार शिपायांनी दावं धरलं होतं, चौघेही अंगणभर फरफटले. पंचांनी न सांगता सह्या केल्या.

हवालदार माझ्याकडे बघत उभे होते. मी म्हणालो, "बोला."

"काय न्हाई साहेब. दात बघायचं का आता? का हे पोलीस ठाणं हाय?"

पशुवैद्यकीय डॉक्टर आले. कागदावरचा सरदार नऊ वर्षांचा, समोरचा दातांवरून साडेचारचा. कानातलं बिल्ल्याचं भोक ताजं, कडेला अजून खपली होती. हे पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत दिसलं असतं.

मग मला मढचा पेन्शनर आठवला. हवालदार जीप घेऊन गेले. पांढरा, लंगडा, आणि एका कानाला बिल्ला कापून काढल्याची फाटकी खूण. कागद अगदी खरे होते, ते त्याचे होते. फोटो मोबाईलवर आले तेव्हा गाडामालक माझ्यासमोर बाकावर बसला होता. मी एक प्रश्नही विचारला नाही, फोन त्याच्यापुढे ठेवला. त्यानं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "त्यो बी लई पळायचा, साहेब." आणि मग सगळं सांगितलं. खटला उभा राहिला, साक्षी टिकल्या, शिक्षा लागली. कोर्टाच्या हुकुमानं बैल निकालाआधीच मावशींच्या ताब्यात आला, आणि लंगड्याची जबाबदारीही त्यांनीच मागून घेतली. म्हणाल्या, नाव एकच हाय, वैरनीला दोनदा हाक मारायला नको.

त्या वर्षीच्या यात्रेत मी घाटाच्या कडेला साध्या कपड्यांत उभा होतो. गाड्यांची बारी सुटली, आणि पांढरा सरदार असा आला की निवेदकाला बोलायलाही सवड मिळाली नाही. पहिला नंबर. गुलालात हजार तोंडं त्याच्या नावानं ओरडत होती, पण बैल वेगात होता, आवरत नव्हता, माणसं बाजूला पळत होती. मग वरच्या टेकाडावरून ती हाक आली. तो चार पावलांत थांबला, आणि त्याच्याबरोबर पूर्ण घाट. नंतर मला फेटा बांधला. निवेदकानं माईकवरून मलाही आपल्या तालुक्याचा सरदार म्हणून जाहीर केलं. मी छाती पुढे काढून वळलो. माझ्या शेजारी पिंपळवंडीचे बँडवाले म्हातारेही वळले होते, आणि फेटा त्यांनाच जास्त शोभला असता.

पदव्या अशाच असतात. मला उभी हयात लोकांनी साहेब म्हटलं. आता बसस्टँडवर कुणी साहेब म्हटलं की सात जण माना वळवतात. मी वळवायचं सोडून दिलंय. पण दुपारी आमच्या आळीत चार घरांतून चार बायका जेवायला हाक देतात. चौघीही "अहो" एवढंच म्हणतात. चार म्हातारे चार कट्ट्यांवरून उठतात, आणि आजपर्यंत एकही चुकून दुसऱ्याच्या घरी गेलेला नाही.