वहिनींची वायर

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत, पण हा एक मात्र जसाच्या तसा लक्षात राहिला आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एक मोटारसायकल, तिच्या ब्रेकची वायर आणि एक नवरा-बायको, एवढाच सगळा पसारा. तरीही तो आठवला की तोंड कडू होते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी मत्सरी माणूस आहे. माझ्याबरोबर भरती झालेल्याला माझ्याआधी बढती मिळाली, तेव्हा त्याच्या तोंडात पेढा मीच भरवला आणि घरी येऊन जेवलो नाही. शेजाऱ्याच्या आंब्याला जास्त मोहोर आला तरी माझ्या पोटात दुखते. लोक हे लपवतात. मला लपवायचा कंटाळा येतो. शिवाय या तपासात कायद्याच्या पुस्तकापेक्षा मला या दुखण्याचाच जास्त उपयोग झाला.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एके दिवशी सकाळी हर्सूलच्या बाजूला, फुलंब्रीकडून शहरात येताना लागणाऱ्या उतारावर एक मोटारसायकल कठड्यावर आदळली. चालवणारा तरुण फुलंब्रीचा. शहरातल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायला तो रोज ये-जा करायचा. वडिलांची जुनी गाडी त्याने हौसेने सजवून घेतली होती, उंच हँडल बसवले होते. हेल्मेट होते म्हणून जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले आणि शुद्ध हरपली. त्याला सरकारी दवाखान्यात हलवले, आम्ही घटनास्थळाचा पंचनामा केला, गाडी ठाण्याच्या आवारात आणून लावली आणि मोटार वाहन निरीक्षकांना तपासणीसाठी पत्र पाठवले. असले अपघात आमच्याकडे नेहमीचेच, त्यामुळे कुणाला त्यात वेगळे काही वाटले नाही.

दुपारी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मला येऊन सांगितले. फोन करणाऱ्याने नाव दिले नव्हते. "त्या फुलंब्रीच्या पोराच्या गाडीची ब्रेकवायर घरी बनवलेली हाय. गारखेड्यात एक बाई किचनमधी बनवती. तिला पकडा, नायतर अजून कुणाचा तरी जीव जाईल," असे म्हणून आणि पत्ता सांगून त्याने फोन ठेवून दिला होता.

आवारातली गाडी पाहिली. पुढच्या ब्रेकची वायर खरोखरच लोंबकळत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हँडलवरचा ब्रेक दाबला की एका नळीतून पोलादी वायर ओढली जाते आणि चाक थांबते. या वायरीच्या टोकाला हरभऱ्याएवढी पितळी गोळी असते, ती ब्रेकच्या खाचेत बसते. इथे गोळी खाचेतच होती आणि वायर तिच्यातून निसटून बाहेर आली होती. निष्काळजीपणाचा गुन्हा सरळ दिसत होता. दोन पंचांसमक्ष वायर आणि गोळी जप्त करून सीलबंद केली.

बाईंना चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचे नसते, म्हणून महिला अंमलदाराला घेऊन मीच गारखेड्यातल्या घरी गेलो. दार उघडले आणि आम्ही दोघेही उंबऱ्यावरच थबकलो. हॉलमधल्या झोपाळ्याच्या कडीला झोपाळा नव्हता. तिथे एका बारीक वायरीने भरलेला गॅस सिलेंडर टांगला होता, जमिनीपासून वीतभर वर.

"घाबरू नका, साहेब," बाई म्हणाल्या. "ब्रेकची वायर हाय, तपासायला लावलीय. रातभर असंच ठेवते. तुटायची असंल तर हितं तुटंल, रस्त्यावर नाय."

त्या चाळिशीच्या आतल्याच असतील. आजूबाजूचे सगळे त्यांना वहिनी म्हणत. त्यांच्या नवऱ्याचे जवळच दुचाकीचे गॅरेज होते. लॉकडाऊनमध्ये गॅरेज बंद पडले तेव्हा नवऱ्याने वेळ जावा म्हणून त्यांना वायर बनवायला शिकवले आणि वहिनींचा हात त्यात असा बसला की पुढे ते काम त्यांचेच झाले. ज्या जुन्या गाड्यांच्या वायरी बाजारात मिळत नाहीत, ज्यांना उंच हँडलमुळे मापाबाहेरची वायर लागते, त्या गाड्यांचे शौकीन जालन्याहून, वेरूळहून, पार बीडहून वहिनींचा पत्ता विचारत येत. ओट्याशेजारच्या टेबलावर वायरीची भेंडोळी, कथील वितळवायची पळी आणि पितळी गोळ्यांची बरणी नीट मांडून ठेवलेली होती.

शेजारचे दोन पंच बोलावून मी त्यांच्यासमोर सीलबंद पाकीट उघडले आणि वायर वहिनींच्या पुढे धरली. त्यांनी ते टोक बोटांनी चाचपले. मग म्हणाल्या, "माझीच हाय."

"मग गोळी निसटली कशी?"

"चुकलं असंल माझं."

नवरा दाराला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. तो म्हणाला, "मी सांगतच व्हतो, साहेब. घरात असले धंदे नको म्हणून. पण आता ही लई मोठी झाली ना, माझं ऐकती कुठं?"

वहिनींचा जबाब नोंदवून मी ठाण्यात परतलो. अटक करण्याइतके कागद तयार होते, पण मला ते पटत नव्हते. जो माणूस आपल्या कामाचा एवढा अभिमान बाळगतो, तो चूक कबूल करण्याआधी वाद घालतो, दुसऱ्याकडे बोट दाखवतो, निदान रडतो तरी. पहिल्याच प्रश्नाला जो गुन्हा पदरात घेतो तो सहसा कुणाला तरी पाठीशी घालत असतो. आणि रात्रभर सिलेंडर पेलणारी वायर एका माणसाच्या बोटांच्या दाबाने निसटेल कशी?

मोटार वाहन निरीक्षक आले. त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. वायर तशी नवी होती, पण चाकाकडचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू अगदी शेवटपर्यंत सैल केला होता. मापात बनवलेली वायर स्क्रू मधोमध असतानाच नीट बसते, तो इतका सैल करावा लागतो तो वायर आखूड पडल्यावरच. म्हणजे ही वायर कुणीतरी नंतर आखूड केली होती. दुसरी गोष्ट, गोळीत घालण्याआधी वायरीचे तंतू फुलासारखे उमलवून मागे वळवावे लागतात. मग त्यावर कथील ओतले की गोळी जन्मात निघत नाही. या टोकाचे तंतू मात्र सरळच्या सरळ होते. नुसत्या कथिलावर गोळी चिकटवून दिली होती.

तोपर्यंत फोनचा नंबरही कळला होता. तो गॅरेजशेजारच्या चहावाल्याचा निघाला. "मिस्त्रीनं मागितला व्हता, साहेब. त्यांच्या मोबाईलची बॅटरी गेली म्हणाले," त्याने निरागसपणे सांगितले.

मिस्त्री म्हणजे वहिनींचा नवरा.

त्याला ठाण्यात आणले. आवाज चढवून अशा माणसाकडून काही मिळत नाही, तो स्वतःला आणखी मिटून घेतो. मी चहा मागवला आणि त्याच्या बायकोचे कौतुक सुरू केले. काय हात आहे बाईचा, म्हणालो. सिलेंडर टांगते म्हणजे काय! लांबलांबून लोक येतात म्हणे. नशीबवान आहात, मिस्त्री. यातले निम्मे मी मनापासून बोलत होतो. मला खरोखर त्याचा हेवा वाटत होता. बोलताना मी त्याच्याकडे पाहत राहिलो. आधी त्याने कप खाली ठेवला, मग पायांची चाळवाचाळव सुरू झाली, मग त्याचा जबडा आवळला. दुसऱ्याची स्तुती ऐकताना आपला चेहरा कसा होतो हे मला चांगले ठाऊक आहे.

"आणि तुम्ही काय करता?" मी शेवटी विचारले. "त्यांच्या वायरी फक्त बसवता का?"

"फक्त?" तो उसळलाच. "हे फक्त फक्त ऐकून कान किटले माझे! वीस-पंचवीस वर्षं हात काळे केले मी. तिला पान्हा कसा धरायचा ते मी शिकवलं, तंतू कसे उमलवायचे ते बी मीच शिकवलं. आता गिऱ्हाईक माझ्याच गॅरेजात येतं, माझ्याच स्टुलावर बसतं आन् म्हणतं, मिस्त्री, वहिनींची वायर आणलीय, तुम्ही फक्त बसवा. बोर्डावर नाव कुणाचं हाय? माझं!"

मग त्याने सगळे सांगितले. फुलंब्रीचा तो तरुण वायर बसवायला गॅरेजवर आला होता. हा फोन आल्याचे निमित्त करून वायर घेऊन आत गेला, ब्रेककडची गोळी कापली आणि तंतू न उमलवता दुसरी चिकटवली. वायर आखूड पडली म्हणून स्क्रू सैल केला.

"मारायचं नव्हतं, साहेब. देवाशपथ. चार दाबात निसटंल, गल्लीतच, असं वाटलं व्हतं. पोरगं बोंबलत परत येईल. ती घाबरंल. मग माझ्याकडं येईल, म्हणंल, अहो, बघा ना काय चुकलं ते. पण ती लई दिवस टिकली. मी तर विसरून बी गेलो. आन् सुटली ती थेट उतारावर."

"कापलेली गोळी कुठं टाकली?"

"डब्यात हाय की."

"फेकून नाही दिली?"

त्याला माझा प्रश्नच कळेना. "पितळ कोण फेकतं, साहेब?" तो म्हणाला.

आमच्या खात्यात याला निवेदन पंचनामा म्हणतात. आरोपी स्वतःच्या तोंडाने वस्तूची जागा सांगतो आणि पंचांसमोर ती काढून देतो. गॅरेजमध्ये पितळेच्या तुकड्यांचा एक डबा होता, भंगारवाल्यासाठी साठवलेला. त्याने तो स्वतः ओतला आणि गोळी निवडून माझ्या हातावर ठेवली. तिच्यात कापलेला तुकडा तसाच होता आणि कथिलातून तंतूंचे फूल स्पष्ट दिसत होते. हा माणूस बायकोचे नाव धुळीला मिळवायला निघाला होता, पण चिमूटभर पितळ टाकून देणे त्याच्या हाताला जमले नाही. पुढे प्रयोगशाळेनेही दोन्ही तुकडे एकाच वायरीचे असल्याचा अहवाल दिला.

मी पुन्हा वहिनींकडे गेलो. गोळी नवऱ्याने बदलली आहे हे त्यांनी टोक हातात घेताच ओळखले होते.

"मला वाटलं, गोळी खाचेत बसली नसंल, म्हणून त्यांनी घाईत दुसरी लावली असंल," त्या म्हणाल्या. "घाई करत्यात ते. नाव घेतलं असतं तर गॅरेज बसलं असतं. माझं काय, मी घरातच असते."

मग मी त्यांना फोनबद्दल सांगितले. आत जाऊन त्यांनी दुधाखालचा गॅस बंद केला आणि परत येऊन बसल्या.

"कधी केला फोन?"

"दुपारी. अडीच-तीनच्या सुमारास."

"म्हणजे जेवून गेल्यावर," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मेथी केली व्हती. दोनदा मागून घेतली."

त्यांनी पदराने टेबल पुसले, जे आधीच स्वच्छ होते. मग म्हणाल्या, "लिहा माझा जबाब. खरा."

बायकोने ओळखूनही दोष आपल्यावर घेतला होता, हे मी कोठडीत त्याला सांगितले. मला वाटले होते, आता तरी माणूस ढसाढसा रडेल. तो भिंतीकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "बघा. तिथं बी तीच मोठी झाली."

पस्तीस वर्षे वर्दीत काढली, पण इतके उघडे वाक्य मी दुसऱ्या कुणा आरोपीच्या तोंडून ऐकले नाही. मला त्याचा राग आला, आणि भीतीही वाटली, कारण ते वाक्य मला समजले होते.

तरुण शुद्धीवर आला. महिनोन् महिने अंथरुणात गेले, आता काठी टेकत क्लासला येतो. आम्ही वाढीव कलमांसह दोषारोपपत्र दाखल केले. वर्तमानपत्रात छायाचित्र माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्याचे छापून आले. त्याने यात काय केले होते, हे मला अजूनही कुणी सांगावे.

या गुन्ह्याने मला एक गोष्ट शिकवली. मत्सर करणाऱ्याला दुसऱ्याचा नाश हवा असतो असे आपण समजतो. तसे नसते. दुसऱ्याने एक पायरी खाली उतरावे आणि पुन्हा आपल्याला विचारावे, एवढेच त्याला हवे असते. ही मागणी इतकी लहान असते की तिची लाज वाटते, म्हणून माणूस ती बोलून दाखवत नाही, आणि न बोललेली मागणी शेवटी कुणाच्या तरी अंगावर जाऊन आदळते. इथे ती एका पोराच्या मांडीवर आदळली.

निवृत्तीनंतर एकदा त्या रस्त्याने जात होतो, म्हणून गॅरेजपाशी थांबलो. वहिनी बाहेरच स्टुलावर बसून एका गाडीला वायर स्वतः बसवत होत्या. नवरा जामिनावर सुटून आला होता. आत कोपऱ्यात बसून तो एका चाकाचे स्पोक सरळ करत होता.

"घरात घेतलंत त्यांना?" मी हळू आवाजात विचारले.

"घर त्यांचं बी हाय, साहेब. काय शिक्षा द्यायची ती कोर्ट देईल. मी भाकरी वाढते, कपडे धुते, आजारी पडले तर औषध बी देते." त्यांनी वायर खाचेत बसवली, ब्रेक दोनदा दाबून पाहिला आणि आतल्या बाजूला न बघता म्हणाल्या, "पण वायरीला हात लावू देत नाय."