विमानातून तिळगूळ

थोरल्या भावाची माफी मागायला मी विमान वापरलं. (धारहून देवासला बसही जाते. इंदूरला बदलावी लागते, एवढंच.) पण बसने गेलं की माणूस दारात पोचतो, दारात पोचलं की तोंड उघडावं लागतं, आणि माझं तोंड इतरांच्या चुका काढताना जितकं सहज उघडतं, तितकं स्वतःची कबूल करताना उघडत नाही. शिवाय दादानं मला फोनवर स्पष्ट बजावलं होतं, "माझ्या दारात पाय ठेवू नकोस!" विमानाला पाय नसतात.

भांडण कशावरून झालं ते आधी सांगतो, म्हणजे दोष कुणाचा ते लगेच कळेल. आम्ही दोघं भाऊ हिंदी शाळेत शिकलो. मराठी लिहायला आईनं घरी शिकवलं, म्हणजे मला शिकवलं. दादा त्या वेळी शाळा सुटली की एका कापडाच्या दुकानात मोजायचा गज घेऊन उभा असायचा. अशा रीतीनं ऱ्हस्व-दीर्घ माझ्या वाट्याला आले आणि घरखर्च त्याच्या. पुढं मी एका सरकारी कचेरीत जन्मभर लोकांचे नकाशे तपासले, खिशाला लाल पेन लावून. निवृत्त झालो, पण पेन काही खिशातून उतरलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली. मराठीत! एरवी आमच्या नात्यात सगळ्यांच्या पत्रिका हिंदीत छापतात. मला आनंद व्हायला हवा होता. मी अकरा चुका काढल्या. 'आशिर्वाद', 'विनंति', 'उपस्थीती'... प्रत्येकीभोवती लाल गोल केला, खाली 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला आणि पत्रिका टपालानं परत पाठवून दिली! छापखान्याचा गाढवपणा दादाला दाखवून द्यावा, असा माझा उदात्त हेतू होता.

तो मजकूर दादानं स्वतः लिहिला होता. तीन संध्याकाळी बसून, पाच कागद फाडून. आई नेहमी म्हणायची, घरातली एक तरी पत्रिका मराठीत निघू दे, म्हणून. हे मला वहिनींकडून कळलं, पण तोपर्यंत दादाचा तो फोन येऊन गेला होता. लग्नाला माझी बायको शैला एकटी गेली. मी घरी खिचडी खात तिनं पाठवलेले फोटो बघत बसलो. एका फोटोत दादाच्या फेट्याचं टोक मागून सुटलेलं होतं. आजवरच्या प्रत्येक कार्यात ते मीच खोचून द्यायचो. मी खिचडीची ताटली बाजूला सारली.

निवृत्तीनंतर मला रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा नाद लागला होता. थर्माकोलची विमानं करायची आणि गावाबाहेरच्या माळावर उडवायची. (आणि शोधायची.) यंदा संक्रांतीच्या आधी मला कल्पना सुचली. विमानाच्या पोटाखाली एक डबा बसवायचा, रिमोटवरचं एक रिकामं बटण त्याच्या झाकणाला जोडायचं, आणि दादाच्या पुढ्यात आकाशातून तिळगूळ टाकायचा, चिठ्ठीसकट!

"अहो, हातानं दिला तर काय झिजेल तुमचं?" शैलानं विचारलं.

"तुला कळायचं नाही. यात एक नजाकत आहे."

"यात घाबरटपणा आहे."

(ती बरोबर होती. पण तोवर झाकणाची चिमुकली मोटार मागवून झाली होती.)

रचना साधी होती. मिठाईचा प्लास्टिकचा डबा, खालच्या बाजूला उघडणारं झाकण, झाकणाला तारेची खिट्टी आणि ती ओढायला काडेपेटीपेक्षा लहान मोटार. बटण दाबलं की मोटार खिट्टी ओढणार, झाकण उघडणार, लाडू खाली. पहिल्या चाचणीत मी मोटार उलटी बसवली होती. विमान हातात धरून नुसती बॅटरी जोडली आणि लाडू थेट माझ्या पायाच्या अंगठ्यावर! शैलाच्या तिळगुळाचा पाक जरा पुढं जातो. नख आठवडाभर जांभळं होतं. दुसऱ्या चाचणीत डबा नाकाकडं बसवला होता, तर विमानानं हात-दोन हात उडून जमिनीत चोच खुपसली. मग डबा बरोबर पंखाखाली आणला. विमान उडालं झकास, बटणही चाललं झकास, फक्त तोवर वाऱ्यानं ते माळ सोडून वस्तीवर गेलं होतं. संध्याकाळी शेजारचे राठौरजी लाडू घेऊन दारात हजर.

"भिया, ऊपर से पत्थर क्यों गिरा रिये हो?"

"पत्थर नहीं राठौरजी, तिल का लड्डू है. खाके तो देखो."

त्यांनी दाढेखाली धरून पाहिला. "भिया, पत्थर ही है!"

चिठ्ठीला मात्र चार दिवस लागले. दोन वर्षांचं सगळं लिहायला घेतलं आणि सगळं खोडून शेवटी एवढंच उरलं: 'दादा, माझी चुक झाली. तिळगूळ घे, गोड बोल.' 'तिळगूळ'मधला उकार दीर्घच ना, म्हणून शब्दकोशसुद्धा काढून बघितला.

"एकदा कुणाकडून तरी वाचून घ्या," शैला म्हणाली.

"माझं मराठी? मी? वाचून घेऊ?" मी चिठ्ठीची घडी घातली.

संक्रांतीला आम्ही देवासला निघालो. बसने! पंख काढून काखेत, धड मांडीवर, लाडवांचा डबा शैलाच्या पिशवीत. कंडक्टरनं बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाला, "बाबूजी, ये खुद नहीं उड़के जाता?" मी दोन तिकिटं मागितली.

वहिनी कटात सामील होत्या. माळव्यातल्या रीतीप्रमाणे संक्रांतीच्या दुपारी दादा घरामागच्या मैदानात कॉलनीतल्या मंडळींबरोबर विटीदांडू खेळतो, ही पक्की खबर त्यांचीच. आम्ही मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीमागं लपलो. माझे दोन्ही अंगठे विमान सांभाळण्यात, म्हणून बटणावर बोट शैलाचं. विमान वर गेलं, वळलं, मैदानावर आलं. डब्यात पाच लाडवांची पुरचुंडी आणि तिला बांधलेली चिठ्ठी.

"सोडू?" शैलानं विचारलं.

तेवढ्यात मला दिसलं, दादा दांडू घेऊन बरोबर विमानाच्या वाटेत उभा आहे. माझा जांभळा अंगठा आठवला.

"सोड, सोड! पुढच्या फेरीत बघू!"

('सोड' म्हणजे 'आता राहू दे'. कोणत्याही मराठी माणसाला कळलं असतं. फक्त त्याचं बोट बटणावर नको.)

शैलानं सोडलं.

दादानं वर पाहिलं. आकाशातून काहीतरी गोल आपल्याकडं येतंय, हातात दांडू आहे, आणि जन्म माळव्यात गेलेला! अडुसष्ट वर्षांच्या माणसानं जागेवर गिरकी घेऊन असा टोला हाणला की पाच लाडू पाच दिशांना गेले. दांडूला चीर पडली. लाडू शाबूत! "कैच, कैच!" कुणीतरी ओरडलं, कुणीतरी खरंच झेल घेतला आणि हात झटकत नाचायला लागला. बाकीचे दादा बाद की नाबाद यावर भांडू लागले. इकडं ओझं उतरलेलं विमान एकदम वर उसळलं, पतंगाच्या मांज्यात अडकलं आणि निंबाच्या शेंड्यावर जाऊन बसलं. "माझं विमान!" म्हणत मी टाकीमागून धावलो, तो थेट दादाच्या समोर येऊन थांबलो.

दोन वर्षांत तो वाळला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, निंबाकडं पाहिलं, मग वाकून पायाशी पडलेली चिठ्ठी उचलली आणि प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून सावकाश वाचली. दादा मराठी बोट ठेवून वाचतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. ती अकरा लाल वर्तुळं त्यानं अशीच, एकेक करून वाचली असणार.

त्यानं हात पुढं केला.

"पेन दे."

"कसलं?"

"लाल. असेलच खिशात."

होतं.

त्यानं चिठ्ठी तळहातावर धरली, एका शब्दाभोवती गोल केला आणि कागद माझ्यापुढं धरला. "चूक दीर्घ असते, बाळ्या."

"अरे पण दादा, 'चुकीला', 'चुकांना'..."

"तिथे ऱ्हस्व. चूक एकटी असली की दीर्घ." त्यानं पेनाला टोपण लावलं. "त्या पत्रिकेनंतर तुझ्या वहिनीकडून शब्दकोश आणवला. रोज एक पान. दो साल से पढ़ रिया हूँ, की कधीतरी हा चिठ्ठी लिहील, तेव्हा याला पकडीन. तू लिहिनासच!"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. दादानं माझ्या गळ्यात हात टाकला आणि त्याच हातानं पाठीत एक धपका घातला. मग एक लाडू पुसून तोंडात टाकला, दातानं प्रयत्न केला आणि शेवटी गालात सरकवला.

"शैला, पाक अजून पुढंच जातो का गं तुझा?"

घराच्या दारापाशी मी थबकलो. "दादा, पाय ठेवू?"

"मग काय डोकं टेकवून येणार? चल आत!"

विमान अजून निंबावरच आहे. वहिनी म्हणतात, त्यात चिमणीनं घरटं केलंय. त्या दिवशी दादानं चिठ्ठीखाली लाल अक्षरांत 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला आणि चहा होईपर्यंत मला खाली बसवून दहा ओळी लिहायला लावल्या. 'माझी चूक झाली', 'माझी चूक झाली'... सहा ओळी अचूक लिहिल्या. सातवीत माझी चूक पुन्हा 'चुक' झाली.