कूलरखालची फिल्म

मित्रांनो, माझा पीसी चालला! दोन तास गेम खेळलो, एकदाही बंद पडला नाही.

स्वतः जोडलेला हा माझा पहिला पीसी. गेम लावला की पाच मिनिटांत बंद पडायचा. दोनदा विंडोज नव्याने टाकलं, मग लिनक्स टाकून पाहिलं. तरी तेच. बाबा म्हणाले, "दहावी नापास माणसाने तयार पीसी घ्यायचा." आज सगळे पार्ट विकायलाच काढणार होतो.

त्याआधी एकदा, म्हणून शिफ्ट सुटल्यावर आमच्या चाकणच्या कंपनीतल्या मेंटेनन्सच्या संदीपदादाला घरी आणलं. त्याने प्रोसेसर थंड ठेवणारा वरचा कूलर उचलला आणि हसतच सुटला. "भावा, ही खालची प्लास्टिकची फिल्म कोण काढणार? क्वालिटीवाले?"

आमच्या असेंब्ली लाइनवर नव्या पार्टची फिल्म तपासणीच्या वेळी क्वालिटीवालेच काढतात, आम्ही काढली की बोलणी बसतात. त्याच सवयीने मी ती जपली होती, वरून उष्णता कूलरकडे नेणारी पेस्टही नीट लावली होती! प्रोसेसर तापून पीसी बंद पडणार नाही तर काय?

फिल्म काढली, पेस्ट पुन्हा लावली. आता बाबा खुर्ची ओढून शेजारी बसलेत. म्हणतात, "सरक, मला गाड्यांचा गेम लाव."

कामावरची कुठली सवय तुम्हाला घरी अशी नडली?