ताईंच्या गाडीचा पट्टा

"समोर या, मग बोलू," एवढं म्हणून ताई फोन ठेवून द्यायच्या. पलीकडे कोण आहे, किती घाईत आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. आणि ताई नोकरीला होत्या टेलिफोन खात्यात.

तुमच्याही पाहण्यात असं कुणी असेल. हलवायाच्या घरात जन्मून गोडाला न शिवणारं, किंवा पोहायला शिकवणारं आणि स्वतः बादलीनं अंघोळ करणारं. ताईंचं अर्धं आयुष्य लोकांचे आवाज या गावातून त्या गावात पोचवण्यात गेलं होतं, आणि त्यातून त्यांनी एकच निष्कर्ष काढला होता.

"तारेत अर्धं गळते, भाऊ," त्या मला सांगत. "माणसाचं तोंड दिसलं पाहिजे."

लखनौला निशातगंजात आम्ही एकाच जिन्यावर राहायचो. मी तिथल्या एका संशोधन संस्थेत होतो. मूळचा सातारचा. ताई नागपूरच्या, त्यांचे मिस्टर रेल्वेच्या हिशेब खात्यात. मूलबाळ नव्हतं. त्या जिन्यावर मराठी घरं आमची दोनच, त्यामुळे एकाकडे पिठलं झालं की दुसऱ्याकडे वाटी जायची. माझी मुलगी ताईंच्या मराठीला हिंदीत उत्तर द्यायची आणि ताईंना त्याचं काही वाटत नसे. "समजते ना तिला? मंग झालं."

मिस्टरांची एक छोटी पांढरी गाडी होती, नागपूरहून घेतलेली. दर दिवाळीला ते दोघं ती घेऊन नागपूरला जात. तिथं मिस्टरांच्या शाळासोबत्याचं गॅरेज होतं. गाडीचं जे काही करायचं ते त्याच्याच हातून. लखनौतल्या कुणाला त्यांनी बॉनेटला हात लावू दिला नाही. हवा भरून घेत, तीही खाली उतरून, शेजारी उभं राहून.

एका हिवाळ्यात मिस्टरांना ताप आला आणि तो छातीत उतरला. इस्पितळात त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी बाहेर बाकावर बसलो होतो. ताई आतून आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या.

"हे म्हणून राहिले, पट्टा बदल."

"कसला पट्टा?"

"विचारलं नाही. फार दमले होते."

आम्ही दोघांनी विचार केला. नर्सला सांगून रक्तदाब मोजायचा पट्टा बदलून घेतला. मग ताईंना मिस्टरांचं घड्याळ आठवलं. त्याचा पट्टा खरोखरच झिजला होता. मी निशातगंजच्या बाजारातून तपकिरी रंगाचा नवा बसवून आणला. ताईंनी तो त्यांच्यासमोर धरला, तेव्हा मिस्टर मास्कच्या आत हसले आणि त्यांनी ताईंच्या हातावर थोपटलं. आम्हाला वाटलं, हाच.

त्याच आठवड्यात ते गेले.

पुढे कपाट आवरताना ताईंना त्यांचा कमरेचा पट्टा सापडला. तोही जुना होता. त्यांनी नवा आणला आणि पँटच्या घडीवर ठेवला. मग एका रविवारी त्या गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, गाडीलाही पट्टा असते."

असतो. इंजिनाच्या आत एक रबरी, दातेरी पट्टा असतो. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. आतले भाग एकमेकांशी ताल धरून चालतात ते त्याच्यामुळे. तो तुटण्याआधी काही सांगत नाही, कुरकुरत नाही. चालत्या गाडीत तुटला, तर बहुतेक गाड्यांत आतले भाग एकमेकांवर आपटतात आणि इंजिन कामातून जातं. म्हणून तो ठरावीक किलोमीटर झाले किंवा ठरावीक वर्षं झाली, की बदलायचा. यांतलं जे आधी होईल ते.

घोटाळा इथेच होता. किलोमीटरच्या मानानं ताईंचा पट्टा कोवळा होता, वर्षांच्या मानानं म्हातारा. गाडी चालवली तर किलोमीटर वाढणार आणि उभी ठेवली तर वर्षं. ताई तेव्हापासून रोज सकाळी खाली जात, बॉनेटवर तळहात ठेवत, जसा तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि गाडी सुरू न करता वर येत.

मग त्यांनी मतं गोळा करायला सुरुवात केली. अर्थात समोरासमोर. गाडी घरीच राहायची, त्या पुस्तक घेऊन निघत आणि मला बरोबर नेत, साक्षीला.

निशातगंजचा मेकॅनिक म्हणाला, "मैडम, गाड़ी चली ही कहाँ है? अभी तो बरसों चलेगी।"

मोठ्या सर्व्हिस सेंटरमधला टाय लावलेला मुलगा म्हणाला, "आज ही बदलवा लीजिए। साथ में वॉटर पंप भी।"

पुलाखालचा मेकॅनिक म्हणाला, "खोल के देख लें?"

मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. पण ताई ताठ झाल्या. "खोलना नागपुर में है, भैया। आप बस बताइए।"

"बिना खोले क्या बताएँ?"

"यही तो," ताई म्हणाल्या आणि निघाल्या.

प्रत्येकाला त्या शेवटी एक प्रश्न विचारत: तुमच्या स्वतःच्या गाडीचा पट्टा तुम्ही कधी बदलला? निशातगंजवाला सायकलवरून येत असे. टायवाल्याकडे मोटारसायकल होती. "उसमें तो चेन होती है, मैडम," तो ओशाळून म्हणाला. पुलाखालचा गॅरेजच्या वरच्या खोलीतच राहत होता, त्याला कुठं जायचंच नव्हतं.

असं करत होळी गेली, उन्हाळा लागला. ताईंचा निर्णय तयार होता, अडचण होती ती फक्त त्याच्या आकाराची, तो गोल होता. पट्टा नागपूरलाच बदलायचा, कारण मिस्टरांचा विश्वास तिथल्या माणसावर होता. नागपूरला जायचं म्हणजे लांबचा प्रवास. आणि पुस्तकात लिहिलं होतं की लांबच्या प्रवासाआधी पट्टा बदलून घ्यावा.

"नागपूरच्या गॅरेजवाल्यांना फोन करून विचारा तरी," मी म्हणालो.

"नाडी फोनवर पाहत नाहीत, भाऊ."

तरी त्यांनी फोन केला. मी तिथंच होतो. "गाडी घेऊन येऊन राहिली मी," त्या म्हणाल्या. "काय झालं ते समोर बोलू." आणि फोन ठेवला.

वाट निघाली ती लखनौजवळच्या मलिहाबादहून. तिथं एक बुजुर्ग बागवाले होते, दशहरी आंब्यांची मोठी बाग असलेले. त्यांचा फोन एकदा कित्येक आठवडे बंद होता. तक्रार करायला फोनच नव्हता, म्हणून ते स्वतः ताईंच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. ताईंना हे इतकं आवडलं की त्यांनी तिसऱ्या दिवशी लाइन सुरू करून दिली. तेव्हापासून दर मोसमात आंबे येत. त्या वर्षी आंबे घेऊन आले, तेव्हा ताईंनी त्यांच्यापुढे सगळी कथा मांडली.

बागवाल्यांनी ती अगदी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "बेटी, हमारा ट्रक आम लेकर नागपुर जा रहा है। गाड़ी भी चली जाएगी। बस मलिहाबाद तक ले आइए।"

मलिहाबादपर्यंत कशी न्यायची, हा नवा प्रश्न. इंजिन सुरू करायचं नव्हतं. शेवटी बागवाल्यांचा ट्रॅक्टर पेट्या पोचवून परत चालला होता, त्याला गाडी दोरखंडानं बांधली. ताई स्टिअरिंगवर, मी शेजारी. असे आम्ही भर उन्हात चौक नावाच्या जुन्या बाजारपेठेतून निघालो. चौकात गर्दी इतकी, की ट्रॅक्टर थांबला की आम्ही थांबायचो आणि थांबलो की लोक वाकून विचारायचे.

"क्या हुआ, बहनजी? ख़राब हो गई?"

"नहीं। बिल्कुल ठीक है।"

"तो खींच क्यों रहे हैं?"

"ठीक रहे, इसलिए।"

विचारणारा माझ्याकडे बघायचा. मी रस्त्याकडे बघायचो. चिकनकारीचे कुर्ते विकणाऱ्या एका दुकानदारानं मात्र मान डोलावली आणि म्हणाला, "सही बात है।" ताईंनी त्याला नमस्कार केला.

बागेच्या कडेला मातीचा एक उंच बांध होता. ट्रक त्याला पाठ लावून उभा केला, मध्ये फळ्या टाकल्या आणि बागेतल्या गड्यांनी गाडी ढकलत आत नेली. गाडीनं पेट्यांची जागा खाल्ली होती, म्हणून उरलेल्या पेट्या गाडीच्या मागच्या सीटवर आणि डिकीत भरल्या. ट्रकच्या ड्रायव्हरनं ताईंसाठी केबिनमधली जागा पुसून ठेवली.

"मैं अपनी गाड़ी में ठीक हूँ, भैया," ताई म्हणाल्या.

कुणाचंच काही चाललं नाही. बागवाल्यांनी पाण्याची सुरई दिली. ताई फळीवरून चढून आपल्या गाडीत बसल्या, डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्ती त्यांनी सरळ केली आणि सीटबेल्ट लावला.

"जय भीम, भाऊ," त्या काचेतून म्हणाल्या. "घराकडं लक्ष ठेवा."

ट्रक हलला. मागून पाहिलं तर पेट्यांच्या भिंतीत एक गाडी आणि तिच्यात, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत बसलेल्या ताई. समोर त्यांना ट्रकच्या केबिनची पाठ दिसत असणार, दुसरं काही नाही.

पुढचं मला त्यांनी परत आल्यावर सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात समोर बसून.

नागपूरच्या गॅरेजमध्ये पोचल्यावर मिस्टरांच्या शाळासोबत्यानं आधी गाडीतले आंबे उतरवून घेतले, मग इंजिनाचं झाकण उघडलं आणि पट्ट्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"काय जी? तुटते का?" ताईंनी विचारलं.

"वहिनी, हा तर नवा आहे. मीच बदलला ना गेल्या दिवाळीत. तुम्ही माहेरी गेल्या होत्या त्या दिवशी. त्याले म्हटलं होतं, वहिनीले सांगून ठेव." त्यानं फडक्याला हात पुसले. "सांगितलं नाही का त्यानं?"

ताई तिथं पडलेल्या टायरवर बसल्या.

"सांगितलं," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं त्यांनी."

मला हे सांगताना त्यांच्या हातातला चहा निवत होता. "मास्कमध्ये होते ना ते, भाऊ. ते म्हणाले, पट्टा बदलला. शेवटचा 'ला' मास्कमध्ये राहिला. मी ऐकलं, पट्टा बदल." त्यांनी कप खाली ठेवला. "मले काळजी नको म्हणून सांगून राहिले होते, आणि मी घड्याळ घेऊन उभी. म्हणून हसले ते."

माझी बायको उठली आणि काही काम नसताना गॅसकडे तोंड करून उभी राहिली.

"समोरच होते ते," ताई म्हणाल्या. "तोंड दिसत नव्हतं फक्त."

सोबत्यानं विचारलं होतं, उघडलंच आहे तर नवीन टाकून देऊ का. ताई नाही म्हणाल्या. यांनी बदलून घेतलेला आहे तो, त्याची मुदत होईपर्यंत राहू द्या. मग त्याच गाडीत बसून, जबलपूरला मावसबहिणीकडे आणि पुढे अलाहाबादला मुक्काम करत, त्या एकट्या लखनौला आल्या. तोवर त्यांनी गोमतीच्या पुलापलीकडे कधी स्वतः गाडी चालवत नेली नव्हती. भीती वाटली नाही का, असं मी विचारलं.

"इंजिन ठीक होतं ना," त्या म्हणाल्या. "मंग भीती कशाची?"

गाडीत दशहरीचा वास थेट दिवाळीपर्यंत राहिला. चुकून राहिलेला एक आंबा सीटखाली निघाला, तोही भयंकर अवस्थेत. ताईंनी तो कुंडीत पुरला. उगवला काहीच नाही.

त्यानंतर ताई फोनवर बोलू लागल्या असं समजू नका. पण एक नवी सवय लागली. समोरचा काही बोलला की त्या म्हणत, "पुन्हा म्हणा. शेवटपर्यंत म्हणा." सब्जीवाल्याला, डाकियाला, मला. "भैया, फिर से बोलो। पूरा बोलो।" सब्जीवाला बिचारा "टमाटर" हा शब्द सावकाश, सगळी अक्षरं सुटी करून म्हणायचा. त्याला वाटायचं, ताईंना ऐकू कमी येतं. कॉलनीत हळूहळू सगळेच त्यांच्याशी वाक्यं पुरी करून बोलू लागले, आणि मला वाटतं, त्यामुळे आमच्या जिन्यावरची काही भांडणं कमी झाली.

काही वर्षांनी ताई निवृत्त झाल्या. सामान पुढे नागपूरला रवाना झालं होतं. त्या गाडीनं निघाल्या, एकट्याच. कुणी सोबत येतो म्हटलं, तर ऐकेनात. आम्ही सगळे जिन्याखाली उभे होतो. ताईंनी सगळ्यांचा निरोप घेतला, प्रत्येकाला समोर उभं करून, तोंडाकडे बघत. माझ्या मुलीनं पहिल्यांदाच त्यांना मराठीत सांगितलं, "नीट जा." ताईंनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.

गाडी गल्लीतून बाहेर पडली. नाक्यावर पोचली, तेव्हा ताईंचा उजवा हात खिडकीबाहेर आला आणि तसाच राहिला. आम्ही सगळ्यांनी हात हलवले. मागचा ई-रिक्षावाला मात्र तो वळायचा इशारा समजून थांबला. त्याच्या मागे दोन स्कूटर थांबल्या, समोरून येणारा टेम्पोही थांबला, आणि ताईंना वळायला सगळा नाका मोकळा झाला.

ताई सरळ निघून गेल्या.